नीतिशास्त्र आणि सामाजिक कृती या मायनरचा अभ्यास कसा करावा : एक प्रश्न धरून ठेवा

माझा मुख्य विषय संख्याशास्त्र. मायनर, म्हणजे मुख्य विषयाच्या जोडीला घ्यायचा दुय्यम अभ्यासक्रम, निवडायची वेळ आली तेव्हा वर्गातले बहुतेक जण संगणकाकडे किंवा अर्थशास्त्राकडे वळले. मी अर्जावर 'नीतिशास्त्र आणि सामाजिक कृती' असं लिहिलं. त्याला आता अकरा वर्षं झाली. मी आरोग्याच्या आकडेवारीचं काम करते, आणि दर वर्षी दोन-चार विद्यार्थी हमखास विचारतात, हा मायनर घ्यावा का, आणि घेतला तर तो नीट कसा करावा. त्यांना तोंडी जे सांगते तेच इथे जरा सविस्तर लिहिते आहे.

अशा मायनरमध्ये साधारण पाच ते सात विषय असतात. एक-दोन तत्त्वज्ञानाचे, एखादा समाजशास्त्राचा किंवा राज्यशास्त्राचा, एखादा कायदा, आरोग्य किंवा पर्यावरणाचा, मग फील्डवर्क, म्हणजे लोकांमध्ये जाऊन करायचं प्रत्यक्ष काम, आणि शेवटी प्रकल्प. विभाग वेगळे, शिक्षक वेगळे, परीक्षेच्या पद्धतीही वेगळ्या. खरी अडचण इथेच असते. तत्त्वज्ञानाच्या तासाला कान्ट शिकवणाऱ्या सरांना तुमच्या फील्डवर्कमध्ये काय चाललंय हे ठाऊक नसतं, आणि फील्डवर्कच्या मॅडमना कान्टची गरज भासत नाही. सांधे जोडायचे ते विद्यार्थ्यानेच. नाही जोडले तर तीन वर्षांनी हातात सहा वेगवेगळ्या वह्या उरतात.

म्हणून पहिल्याच सत्रात एक प्रश्न निवडा आणि तो शेवटपर्यंत सोडू नका. बाकी सगळं या एका गोष्टीवर उभं राहतं.

विषय निवडू नका, प्रश्न निवडा. 'आरोग्य' हा विषय झाला, 'शिक्षण' हाही विषयच. माझा प्रश्न होता : रुग्णालयाच्या रांगेत थांबण्याचा भार कोणावर पडतो, आणि तो कोणावर पडावा हे कोण ठरवतं? आजीला घेऊन बाकावर बसून काढलेल्या दिवसांतून तो आला होता. तुमचा प्रश्न तुमच्या आयुष्यातून येईल. तो योग्य आहे का हे मी असं तपासून पाहते : हा प्रश्न ज्यांना रोज भोगावा लागतो अशी माणसं तुम्हाला प्रत्यक्ष भेटू शकतात का? दोन समंजस माणसं त्याची दोन वेगळी उत्तरं देतील का? आणि मायनरमधल्या प्रत्येक विभागाला त्यावर बोलण्यासारखं काही आहे का? तिन्हींना 'हो' आलं की पुढे चला. प्रश्नाचे शब्द वाटेत बदलले तरी चालतील. माझे चार वेळा बदलले.

असा प्रश्न हाताशी असला की प्रत्येक तासाला काय ऐकायचं ते कळतं. तत्त्वज्ञानाच्या वर्गात मी विचारू लागले की आधी आलेल्याला आधी घेणं न्याय्य, की जास्त आजारी असलेल्याला? समाजशास्त्रात विचारू लागले की रोजंदारीचा दिवस बुडवून रांगेत उभं राहणारे कोण, आणि फोनवर वेळ ठरवून येणारे कोण? संख्याशास्त्रात तर रांगांचं अख्खं गणितच आहे. डेन्मार्कचे एर्लांग यांनी १९०९ साली टेलिफोनच्या कॉलसाठी त्याचा पाया घातला. हे गणित मी आधी गुण मिळवायला शिकत होते, मग आजीसाठी शिकू लागले.

नाव नोंदवण्याआधी

माहितीपत्रकावर थांबू नका. प्रत्येक विषयाचा सिलॅबस मागून घ्या. मायनरचा एखादा विषय मुख्य विषयातही धरला जातो का, कुठल्या विषयासाठी आधी दुसरा पूर्ण करावा लागतो, फील्डवर्क सुट्टीत असतं की सत्र चालू असताना, हे कार्यालयात विचारा आणि लेखी घ्या. मागच्या वर्षीच्या कोणाला तरी गाठून एवढंच विचारा : फील्डवर्क चालू असताना शिक्षक दर आठवड्याला तासभर बसवून बोलत होते का? बोलत नसतील तर तो मायनर बराचसा तुम्हालाच ओढावा लागेल. घेऊ नका असं मी म्हणत नाही, पण मग आपलं आपण दोघा-तिघांचं चर्चेचं टोळकं आधीच जमवा.

विषयांच्या क्रमाबद्दल माझं ठाम मत आहे. नीतिशास्त्राचा एक आणि संशोधनपद्धतीचा एक विषय फील्डवर्कच्या आधी झाला पाहिजे. प्रश्नावली कशी करतात, मुलाखत कशी घेतात, नोंद कशी ठेवतात हे न शिकता माणसांपुढे जाऊन उभं राहिलात तर त्यांचा वेळ वाया जातो. त्यांच्याकडे तो आधीच कमी असतो.

तत्त्वज्ञान कसं वाचावं

विज्ञान किंवा वाणिज्य शाखेची मुलं इथे घाबरतात. मीही घाबरले होते. मला उपयोगी पडलेली रीत अशी : कुठलाही लेख वाचून झाला की पुस्तक मिटायचं आणि लेखकाचा युक्तिवाद चार ओळींत लिहून काढायचा. पाचवी ओळ आपली.

तत्त्वज्ञ पीटर सिंगर यांचा १९७२ सालचा एक गाजलेला निबंध आहे. पूर्व बंगालमधून लाखो निर्वासित बाहेर पडले होते, त्या काळात तो लिहिला गेला. माझ्या वहीत त्याच्या चार ओळी अशा आहेत. एक, अन्न, निवारा, औषध यांवाचून माणसाचे हाल होणं, जीव जाणं वाईट आहे. दोन, एखादी फार वाईट गोष्ट टाळणं आपल्या हातात असेल, आणि त्यापायी तितकंच मोलाचं काही गमवावं लागत नसेल, तर ती टाळणं आपलं कर्तव्य आहे. तीन, दूरच्या माणसाला मदत पोचवून आपण हे टाळू शकतो. चार, म्हणून मदत करणं हा उपकार नाही, ते कर्तव्य आहे. उथळ तळ्यात बुडणाऱ्या मुलाला वाचवताना कपडे चिखलाने खराब होतील म्हणून कोणी थांबत नाही, हा त्यांचा दाखला.

आता पाचवी ओळ. निष्कर्ष पटत नसेल तर वरच्या तीन ओळींपैकी नेमकी कुठली नाकारताय ते लिहायचं. 'हे जरा अतीच आहे' एवढं म्हणून सुटका नाही. मी आधी तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं होतं : मदत पोचते हे कशावरून? सहा महिन्यांनी वही उघडली आणि खाली लिहिलं : मूल तळ्यात पडतंच का, तळ्याला कठडा का नाही, हे या चार ओळींत कुठेच विचारलेलं नाही. माझ्यापुरता नीतिशास्त्र आणि सामाजिक कृती यांच्यामधला सांधा त्या दिवशी जुळला.

एकच घटना, अनेक विभाग

वर्षातून निदान एक ऐतिहासिक घटना अशी घ्या, की ती प्रत्येक विभागाच्या चष्म्यातून वाचता येईल. मी महाडची घेतली होती. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत हा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ साली झाला. पुढच्याच वर्षी महाड नगरपालिकेने चवदार तळं खुलं केल्याचं जाहीर केलं. कागद झाला, पण तळ्यावर जायची हिंमत कोणी करू शकत नव्हतं. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरचे हजारो लोक चालत गेले आणि त्यांनी ओंजळीने पाणी प्यायलं. त्यानंतर त्यांच्यावर हल्ले झाले, तळ्याचं 'शुद्धीकरण' झालं, विरोधकांनी दावा लावला, आणि उच्च न्यायालयाचा निकाल लागायला १९३७ उजाडलं.

कायद्याच्या विद्यार्थ्याने इथे विचारावं की हक्क कागदावर असताना दहा वर्षं कोर्टात का गेली. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याने विचारावं की ठराव कोणी अडवला, आणि अडवणाऱ्यांची ताकद कशात होती. तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याने विचारावं की मिळालेला हक्क वापरणं हे कर्तव्य असतं का, आणि त्याची किंमत मार खाणाऱ्यानेच का मोजायची. आणि एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. कोलंबिया विद्यापीठात आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात शिकले तेव्हा त्यांचा मुख्य विषय अर्थशास्त्र होता, आणि त्याच्या जोडीला ते जॉन ड्युईंसारख्या तत्त्वज्ञाच्या वर्गात बसत होते. विभागाची भिंत ओलांडून शिकणं म्हणजे काय, हे याहून चांगलं मला सांगता येणार नाही.

भल्या हेतूची तपासणी

फील्डवर्कला जाण्याआधी मी प्रत्येकाला एका प्रयोगाची गोष्ट सांगते. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये १९३९ साली मुलं वाईट मार्गाला लागू नयेत म्हणून एक मोठा कार्यक्रम सुरू झाला. ५०६ मुलगे, त्यांच्या सारख्यासारख्या २५३ जोड्या. प्रत्येक जोडीतल्या एकाला समुपदेशक, अभ्यासात मदत, औषधोपचार, उन्हाळी शिबिरं. दुसऱ्याला यातलं काही नाही. जवळपास तीस वर्षांनी जोन मकॉर्ड यांनी त्या मुलांचा माग काढला आणि १९७८ साली निष्कर्ष छापले. मदत मिळालेल्यांपैकी बहुतेक जण म्हणाले, आम्हाला फायदा झाला. नोंदी पाहिल्या तर मात्र मदत मिळालेले अनेक बाबतींत दुसऱ्यांपेक्षा मागेच होते. पुन्हा गुन्हा करण्याचं, दारूच्या व्यसनाची लक्षणं दिसण्याचं, लवकर मरण पावण्याचं प्रमाण त्यांच्यात जास्त निघालं.

संख्याशास्त्राच्या विद्यार्थिनीला हे वाचून झोप लागली नाही. तुलनेचा गट ठेवला नसता तर हा कार्यक्रम यशस्वी म्हणूनच नोंदला गेला असता. प्रेमाने केलं, लोकांना आवडलं, आणि तरी इजा झाली, असं होऊ शकतं. म्हणून कुठल्याही उपक्रमात पाय ठेवताना विचारा : याने नुकसान होत असेल तर ते आपल्याला कळेल अशी काही व्यवस्था आहे का?

कुठे जायचं

माझी पहिली जागा चुकली. एका संस्थेत आम्ही दोन आठवडे वस्तू वाटल्या, आणि प्रत्येक वाटपाचा फोटो काढला. घेणाऱ्याने कॅमेऱ्याकडे बघायचं, असा नियम होता. तिसऱ्या दिवशीच मला ते सहन होत नव्हतं, पण क्रेडिट बुडतील म्हणून मी गप्प राहिले. बोलायला हवं होतं. शेवटी मॅडमना सांगितलं, त्यांनी एका शब्दाने न रागावता जागा बदलून दिली. असं काही खटकलं तर दोन आठवडे थांबू नका.

जागा पारखायला मी शेरी आर्नस्टीन यांची शिडी वापरते. लोकसहभागाचे आठ टप्पे त्यांनी १९६९ साली मांडले. सगळ्यात खाली लोकांना नुसतं वापरून घेणं, मध्ये कुठेतरी माहिती देणं आणि मत विचारणं, वर भागीदारी, आणि सगळ्यात वर निर्णय लोकांच्याच हातात. संस्थेच्या बैठकीला एकदा बसा आणि बघा, ज्यांच्यासाठी काम चाललंय त्यांच्यापैकी कोणी 'नको' म्हणालं तर ते काम थांबतं का. तुमची संस्था शिडीवर कुठे आहे ते तिथे कळतं.

काम लहान वाटलं म्हणून नाराज होऊ नका. जेन ॲडम्स यांनी १८८९ साली शिकागोत हल हाऊस हे वस्तीतल्या लोकांसाठीचं केंद्र सुरू केलं. पुढे त्यांना नोबेल शांतता पुरस्कार मिळाला तो १९३१ साली. पण १८९५ साली त्या आपल्या वॉर्डाच्या कचरा निरीक्षक होत्या, आणि पहाटे उठून कचऱ्याच्या गाड्यांमागे जात होत्या. वस्तीत आजार का पसरतात, हा प्रश्न त्यांना त्या गाडीपर्यंत घेऊन गेला होता.

संमती : अंगठा लावण्याआधी

माझी दुसरी जागा एका मोठ्या रुग्णालयाची ओपीडी. रांगेतल्या लोकांच्या मुलाखती घ्यायच्या, त्याआधी संमतीपत्र वाचून दाखवायचं. पहिल्याच दिवशी एका आजोबांसमोर बसले. कागद उघडून 'या अभ्यासात सहभागी होणं ऐच्छिक आहे' हे पहिलं वाक्य वाचायला तोंड उघडलं, तोवर त्यांनी शेजारच्या शाईच्या पॅडवर अंगठा टेकवून पुढे धरला होता. शाई अंगठ्याच्या रेषांमध्ये भरली होती, नखाच्या कडेला थोडी लागली होती. ते म्हणाले, "बाई, कुठं लावायचा तेवढं सांगा." मी म्हटलं, आधी ऐकून तरी घ्या. ते म्हणाले, "नाही लावला तर आत सोडणार नाहीत ना?"

त्यांना वाटत होतं की मी रुग्णालयाची माणूस आहे. माझ्या गळ्यातलं ओळखपत्र तसंच दिसत होतं. मी कागद मिटला, माझ्या रुमालाने त्यांचा अंगठा पुसला आणि सांगितलं की माझा आणि तुमच्या नंबराचा काही संबंध नाही. त्या दिवशी त्यांची मुलाखत घेतली नाही.

टस्कीगीचं प्रकरण मी वर्गात शिकले होते. १९३२ ते १९७२, चाळीस वर्षं, अलाबामातल्या सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुषांवर अमेरिकी सरकारच्या आरोग्य खात्याचा अभ्यास चालला. त्यांतल्या ३९९ जणांना सिफिलिस होता. त्यांना आजाराचं खरं नाव सांगितलं नाही, आणि पेनिसिलिन हा प्रचलित उपचार झाल्यावरही ते दिलं नाही. हे उघडकीला आल्यावर माणसांवरच्या संशोधनाची नीतितत्त्वं सांगणारा बेल्मॉन्ट अहवाल आला, १९७९ साली. व्यक्तीचा आदर, हित आणि न्याय ही त्यातली तीन तत्त्वं मी परीक्षेत न अडखळता लिहिली होती. त्या अंगठ्यापुढे बसल्यावर पहिलं तत्त्व कळलं.

तेव्हापासूनची माझी पद्धत : ओळखपत्र पिशवीत ठेवायचं आणि आपण विद्यार्थी आहोत हे तोंडाने सांगायचं. रांगेत विचारायचं नाही, काम आटोपून बाहेर आलेल्याला विचारायचं, म्हणजे 'आत सोडणार नाहीत' ही भीती उरत नाही. संमतीपत्र आधी आपल्या बोलीत सांगायचं, मग वाचायचं, आणि समोरच्याला विचारायचं, "मी काय म्हटलं ते तुमच्या शब्दांत सांगाल?" ते सांगता आलं तरच सही किंवा अंगठा. 'नको' म्हणणाऱ्यांचीही नोंद ठेवा. एकही जण 'नको' म्हणत नसेल तर विचारण्याच्या पद्धतीत काहीतरी चुकतंय असं समजा.

वही

पानाच्या मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे फक्त पाहिलेलं आणि ऐकलेलं, शक्य तितकं बोलणाऱ्याच्या शब्दांत. उजवीकडे आपल्याला काय वाटलं, आणि वर्गातलं काय आठवलं. त्याच रात्री लिहा, सकाळपर्यंत बोलणाऱ्याचे शब्द जाऊन आपले येतात. शिक्षक उजवी बाजू वाचून गुण देतात. पण प्रकल्प डाव्या बाजूतून उभा राहतो.

माझं उदाहरण सांगते. टोकन मिळाल्यापासून डॉक्टरांनी तपासेपर्यंतचा वेळ मी मोजत होते. सरासरी काढली, आलेख काढला, सगळं नेटकं. ज्यांची मुलाखत घेत होते त्या एका ताईंना कौतुकाने आलेख दाखवला. त्यांनी बोटाने शून्याची खूण दाखवून विचारलं, "ही तुमची सुरुवात कधीची?" मी म्हटलं, खिडकी उघडून टोकन मिळतं तेव्हाची. त्या म्हणाल्या, "मी पाचला येऊन दाराशी बसते. ते कुठं धरलंय?"

कुठेच धरलं नव्हतं. खिडकी आठला उघडायची. लांबून येणारे, पहिल्या गाडीने येणारे, कामाचा दिवस वाचवू पाहणारे लोक तीन तास आधीच दाराबाहेर बसलेले असायचे, आणि माझ्या आकड्यांत त्यांची प्रतीक्षा फोनवर वेळ घेऊन आलेल्यापेक्षा कमी दिसत होती, कारण टोकन त्यांना सगळ्यांत आधी मिळायचं. गणितात चूक नव्हती, घड्याळ कधी सुरू करायचं हे मी चुकीचं ठरवलं होतं. ते ठरवताना मी एकाही थांबणाऱ्याला विचारलं नव्हतं. सगळी मोजणी पुन्हा केली. तीन आठवडे गेले, प्रकल्प उशिरा दिला, गुण कापले गेले. मला त्याचं वाईट वाटलं नाही.

प्रकल्प आणि निरोप

प्रकल्पाचा अहवाल महाविद्यालयात देण्याआधी ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यांच्यापैकी निदान तिघांना वाचून दाखवा. नावं, गल्ली, आजार, ओळख पटेल असं काहीही ठेवू नका. तुमचा निष्कर्ष त्यांना मान्य नसेल तर त्यांचं म्हणणं अहवालात त्यांच्याच शब्दांत घाला, स्वतःचा निष्कर्ष बदला किंवा नका बदलू. आणि एक पानाचा, साध्या भाषेतला गोषवारा तिथेच ठेवून या. जाडजूड अहवाल कोणी उघडत नाही.

फील्डवर्कची शेवटची तारीख पहिल्याच आठवड्यात लोकांना सांगा. परीक्षा आली की विद्यार्थी गुपचूप नाहीसे होतात. लहान मुलं किंवा एकटी म्हातारी माणसं असतील तिथे तर याने फार दुखावलं जातं. दोन आठवडे आधी पुन्हा आठवण करा, आणि शेवटच्या दिवशी नुसतं निरोप घ्यायला जा, वही न नेता.

नोकरीत याचा काय उपयोग, हे पालक विचारतील. मुलाखतीत मला मुख्य विषयावर दहा मिनिटं विचारलं आणि पाच वाजताच्या गोष्टीवर अर्धा तास. याहून जास्त सांगता येणार नाही.

वहीचं शेवटचं पान तुमच्यानंतर त्या जागी येणाऱ्या विद्यार्थ्यासाठी ठेवा. आधी कोणाला भेटायचं, कुठल्या वेळी जाऊ नये, कुठला प्रश्न लोकांना लागतो, कोणाला काय कबूल केलंय आणि अजून द्यायचं राहिलंय. ते पान फाडून मॅडमकडे द्या. माझ्या पानावरची पहिली ओळ होती : खिडकी आठला उघडते, तुम्ही पाचला जा.